मनुका, मटणाच्या नळ्या आणि बोका

"काय गं, तुझा शेरू मघाशी जॉगिंग ट्रॅकपाशी पाठीची कमान करून किती वेळ बसला होता!"

"काय सांगू काकू. रविवारी मटण झालं, ह्यांनी लाडानं नळ्या चारल्या. आता कुंथतोय, आणि पडतंय काय, तर पांढरं, खडूसारखं."

"आमच्याकडे नातवाचं तेच. पडद्यामागे जाऊन पायाची आढी घालतो, चवड्यांवर उभा, तोंड लालबुंद. सुनेला वाटतं जोर लावतोय. अगं, रोखून धरतोय तो! एकदा खडा आला, चीर पडली, रक्त दिसलं. मग कशाला बसतंय पोरगं?" (काकूंचा आवाज पाथर्डी फाट्यापर्यंत जातो, त्यामुळे ही बातमी आता इंदिरानगरात सगळ्यांना ठाऊक आहे.)

"आणि रोखलं की आतलं पाणी शोषून आणखी घट्ट होतं. चड्डीला पातळ लागतं का हो?"

"लागतं की! जुलाब म्हणून कालपासून नुसता ताकभात चाललाय."

"जुलाब नाहीत ते. खडा आत अडकलाय, त्याच्या कडेनं झिरपतंय. दूध फार पितो का?"

"दिवसभर बाटली तोंडात, भाजी बघत नाही. मी म्हटलं, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून..."

"चिरेवर देठ? काहीतरीच! डॉक्टरांना दाखवा. मल मऊ करायची पावडर देतील, ती कधी कधी महिनोन् महिने लागते. दोन दिवस बरं वाटलं की आपण बंद करतो, तिथंच घोळ होतो. जेवल्यावर बसवा, पायाखाली पाट द्या. पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या तर मात्र थांबू नका."

"भिजवलेल्या मनुका देते मी. नाशकात त्यांना काय तोटा! शेरूलाही घे वाटीभर."

"नको काकू! द्राक्षं, मनुका कुत्र्याला विषारी. मूत्रपिंडं निकामी होतात."

"नाशकातलं कुत्रं, आणि द्राक्षं वर्ज्य? कठीण आहे बाई! बरं, तो बूड घासत फिरतो ते?"

"गुदाजवळच्या ग्रंथी भरल्या असतील. जनावरांचे डॉक्टर पिळून मोकळ्या करतात. संध्याकाळी नेतेच त्याला."

"त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातला बोकाही सकाळपासून वाळूच्या डब्यात बसतोय नि उठतोय. बद्धकोष्ठ म्हणून तूप पाजतायत त्याला."

"बोका? अहो, लघवी तुंबली असेल! एक-दोन दिवसांत जीव जातो त्यानं. फोन लावा त्यांना."

"उचलायच्या नाहीत, भिशीला गेल्यात. थांब, चप्पल घालते."