नित्य अभ्यंग

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेसहाला एक गृहस्थ हमखास दिसतात. अर्धी चड्डी, बँकेच्या सुवर्णमहोत्सवात मिळालेला टी-शर्ट, खांद्यावर पिवळं फडकं, हातात पाइप. गाडी चालते आठवड्यातून एकदा, मंडईपर्यंत; धुतली जाते सातही दिवस. या काकांना आळशी कोण म्हणेल? तक्रार वेगळीच आहे. त्यांचं वेळापत्रक देवपूजेचं आहे आणि गाडीवरची घाण मात्र ऋतूप्रमाणे बदलते. परिणामी गरज नसते तेव्हा ते गाडी रोज धुतात आणि गरज असते तेव्हा नेमके वर चहा पीत बसतात.

पावसाळ्याचंच बघा. जूनमध्ये दोन सरी पडल्या की काका पाइप गुंडाळून ठेवतात. ‘वरून धुतोय की तो, फुकट!’ तो धुतो, पण टप आणि बॉनेट. चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि पत्र्याच्या दुमडींत जाऊन बसतो, तिथे पावसाचा थेंब पोचत नाही. हा चिखल ओल धरून ठेवतो आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. समुद्राकाठी, मुंबईत किंवा रत्नागिरीत, हवेतलं मीठ त्यात भर घालतं. शिवाय वायपरखालच्या खाचेत पाला साठून पाणी जायची भोकं बुजतात आणि मग ते पाणी गाडीच्या आत वाट काढतं. म्हणजे गाडी रस्त्यावर जात असेल तर आठ-दहा दिवसांनी तिच्या पोटाखाली जोराचं पाणी मारायचे महिने हेच. पण पोटाखाली बघायचं तर वाकावं लागतं, आणि तिथली स्वच्छता लिफ्टची वाट बघणाऱ्यांना दिसत नाही.

आता कोरडे महिने. दिवाळीनंतर पुण्यात जिकडेतिकडे धूळ, तेव्हा काकांचा उत्साह ऊतू जातो. ज्या दिवशी पाणी येत नाही त्या दिवशी ते नुसतंच फडकं मारतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे काकांच्या डोक्यावर उरलेल्या एखाद्या केसापेक्षाही कमी. धुळीतले वाळूचे कण या थराहून कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याखाली ते फिरले की घरबसल्या पॉलिश पेपर मारल्याचं पुण्य पदरात पडतं. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे चमकतात, त्यांनाच काका चकाकी समजतात. थंडीत दवाने ही धूळ भिजून तिचा लेप होतो. त्यावर फडकं घासण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवावं, बाकीचे दिवस हात खिशात ठेवावेत.

याचा अर्थ धुळीसारखं बाकी सगळंही तसंच सोडावं, असा नाही. कबुतराची शिट पडली तर एक दिवसही थांबू नये. ती आम्लयुक्त असते आणि एप्रिलच्या उन्हात रंगावर कायमचा डाग उठवते. ओल्या कापडाने भिजवून अलगद उचलावी. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांच्या चिकट थेंबांचाही असाच समाचार घ्यावा. दसऱ्याला तर धुवावीच, कारण झेंडूच्या माळेपुढे मायक्रॉनचा हिशेब चालत नाही.

काकांकडे उत्तरं तयार असतात. पहिलं, ‘पाणी आमच्या बोअरचं आहे.’ पाइपातून मिनिटाला दहा लिटर धरले तरी पंधरा मिनिटांत दीडशे लिटर गेले. दोन बादल्यांत काम भागतं. मार्च 2024 मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना पाच हजार रुपये दंड लावला. बोअरवाले म्हणतील, आम्ही त्यातून सुटलो. पण बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, उन्हात वाळलं की काचेवर पांढरी वर्तुळं उठवतं, आणि मग काकांना ती घासायचं नवं काम मिळतं. दुसरं उत्तर, ‘विकताना भाव येतो.’ जुन्या गाडीचा जाणकार गिऱ्हाईक बॉनेट उघडतो, खाली वाकून गंज बघतो, सर्व्हिसिंगची नोंद मागतो. म्हणजे काका जिथे हात लावत नाहीत तिथेच त्याची नजर जाते. आणि मुळात काका ती गाडी विकणार कधी?

तिसरं उत्तर ते तोंडाने देत नाहीत, पण तेच सगळ्यांत वजनदार आहे. निवृत्तीनंतर सकाळचा एक तास कुठेतरी घालवायचा असतो. टँकर किती वाजता आला, कोणत्या फ्लॅटमध्ये नवा भाडेकरू आला, कोणाचा मुलगा जर्मनीला निघाला, हे सगळं त्या पाइपाच्या काठावर कळतं. हा मुद्दा मान्यच करायला हवा. मात्र त्याला पाणी लागत नाही, खांद्यावर फडकं पुरतं. हात अगदीच शिवशिवत असतील तर टायरमधली हवा तपासावी, वायपरचं रबर बघावं, कूलंटची पातळी पाहावी. गाडीच्या तब्येतीला हे रोजच्या आंघोळीपेक्षा जास्त मानवेल. अडचण एवढीच की टायरमधली हवा कोणाला दिसत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनी शेजारच्याच जागेत आणून लावलेली नवी पांढरी गाडी मात्र सगळ्यांना दिसते.