येळवशीचं शिळं, चायनीज ताजं

पुण्यात ‘मुरुमला चाललोय’ म्हटलं की काही लोक त्वचेच्या डॉक्टरचा पत्ता देतात आणि काही ‘ब्रासला काय भाव?’ असं विचारतात. हल्ली मी ‘उमरग्याजवळ’ एवढंच सांगतो. उमरगाही कुणाला माहीत नसतं, त्यामुळे विषय तिथंच मिटतो.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आली की मात्र जावंच लागतं. सोलापूरला रेल्वेतून उतरून एसटी धरायची, नळदुर्गपर्यंत किल्ल्याच्या ओढीनं जागं राहायचं, जळकोटला डुलकी घ्यायची. येणेगूरला हैदराबादचा हमरस्ता सोडून बस आत वळली की पहिल्याच हिसक्यानं जाग येते. गावाचं नाव कशावरून पडलं असावं, याचा विचार पुढचा रस्ताभर करता येतो.

येळवशीला गाव रिकामं आणि रानं भरलेली. कडब्याच्या खोपीत चुना फासलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हे. तूर, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, मेथी, पालक, गाजर, थंडीत रानात जे म्हणून सापडेल ते चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवायचं. जोडीला वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली लसणाची आंबील. आंबिलीचा तिसरा तांब्या पोटात गेला की माणूस बांधावर आडवा होतो आणि त्याला कुणी उठवत नाही.

भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, असा आमच्या काकूंचा सिद्धान्त आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी भज्जी, दुपारी भज्जी. संध्याकाळी मात्र अण्णाच्या पोरांनी बंड केलं. “आज चायनीज!” पोरांना एकटं सोडायचं नाही म्हणून अण्णा, अण्णा उधळ्या म्हणून वहिनी, पाहुणा म्हणून मी आणि ‘तिथली कढई बघायला’ म्हणून काकू अशी सहा माणसं दोन मोटारसायकलींवर निघालो.

दुकान दहा बाय बाराचं. पाटीवर ड्रॅगन होता. रंगाऱ्याचा हात कारहुणवीला बैलांची शिंगं रंगवून बसलेला असावा, कारण ड्रॅगनच्या शिंगांना गोंडे होते आणि पाठीवर झूल. जाळ तेवढा तोंडातून येत होता. भिंतीवरच्या फलकावर काही ठिकाणी पांढरा रंग फासला होता, पण ट्यूबच्या उजेडात त्याखालून ‘चिकन’ हळूच डोकं वर काढत होतं.

“हे काय?” काकूंनी बोट दाखवलं.

“आज्जी, फलक सेकंडहँड हाय,” मालक म्हणाला. “आपल्याकडं अंडं बी न्हाई. काय खायलालाव, सांगा.”

काकू आत जाऊन कढई बघून आल्या. वास घेऊनच आल्या असणार. मग ऑर्डर गेली.

आधी मोमो आले. काकूंनी एक उचलला, दाबला, उलटा करून पाहिला. “उंडं हाय की हे.”

“आज्जी, मोमो!” नात कळवळली.

“उस्मानाबादचं धाराशिव झालं तसं उंड्याचं मोमो झालं व्हय? आणि पोटात कोबी कशाला कोंबलाय?”

जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं. काकूंच्या तोंडी ते अजून आलेलं नाही, आलं तर असं टोमण्यातून. पुढं नूडल्स आल्या, त्या ‘गूळ न घातलेल्या शेवया’ ठरल्या. मंचाव सूप ‘आंबील, पण नासलेली’. शेजवान चटणी चाखून मात्र त्या गप्प झाल्या आणि वाटी आपल्याकडे सरकवून घेतली. ठेचा कुठल्याही वेशात आला तरी आमच्याकडे त्याला मान असतो. बारक्यानं चॉपस्टिक घेऊन स्टीलच्या ताटावर हलगी धरली होती.

मंचुरियन आल्यावर मला ज्ञान आवरेना. मंचुरिया चीनच्या ईशान्येला, पण तिथं हा पदार्थ शोधून सापडायचा नाही, असं मी सुरू केलं. कोलकात्याच्या चिनी कुटुंबातले नेल्सन वँग मुंबईत आले आणि 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी हे रचलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपल्याच फोडणीतली मंडळी. गरम मसाल्याला रजा दिली आणि सोया सॉस नि कॉर्नफ्लॉवर घातलं.

“क्रिकेटवाल्याच्यात केलं व्हय?” काकू म्हणाल्या. “तरीच चेंडूगत हाय.”

त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही. कोकणातली तिरफळं आणि सिचुआनची मिरी एकाच कुळीची, ही माहिती तशीच गिळावी लागली.

बिल द्यायला उठलो तर मालक काकूंजवळ घोटाळत होता. “आज्जी, भज्जी शिल्लक हाय का हो? आमचं रान न्हाई. काल दुकान उघडून बसलो, तर गावात कुत्रं बी न्हाई.”

“मग रानात यायचं न्हाई व्हय, मुडद्या?” काकू कडाडल्या. येळवशीला कुणाच्याही खोपीत जाऊन जेवता येतं, आणि हा माणूस दिवसभर रिकाम्या रस्त्याला नूडल्स दाखवत बसला होता, याचा त्यांना खरोखर राग आला होता.

सकाळी सात वाजता अण्णाच्या हाती भज्जीचा पाचताळी डबा गेला. आमच्या भागात डबा रिकामा परत करत नाहीत. दहाच्या एसटीला मी बसलो तेव्हा तो माझ्या मांडीवर होता, पाचही ताळांत मंचुरियन भरलेला. “वाटंत खा, बाळा,” काकू म्हणाल्या. घरातून घालवायची ती एक रीत झाली.

येणेगूरच्या अलीकडं रस्त्यानं आपलं काम केलं आणि वरच्या ताळातला रस्सा पँटीवर उतरला. शेजारी पटका बांधलेले म्हातारबाबा होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. मी एक पुढं केला. त्यांनी तोंडात टाकला, सावकाश चावला.

“येळवशीचे उंडे का? कशाचे म्हणं?”

“कोबीचे,” मी म्हणालो.