भेंडीचं फूल आणि हळदीचा डाग

मुलांना हात बरबटायला शिकवावं लागतं, असं आमच्या आजीला कुणी सांगितलं असतं, तर तिनं आधी त्या माणसाची दृष्ट काढली असती. पण नातीच्या बालवाडीतून तसा निरोप आला खरा. शनिवारी 'सेन्सरी आर्ट'. साहित्य स्वयंपाकघरातलंच हवं, मुलांना स्वतः करू द्यावं, पालकांनी फक्त फोटो पाठवावेत. मुलगा आणि सून दोघंही लॅपटॉपसमोर 'मीटिंग'मध्ये, त्यामुळे पालक या सदरात मी आणि ही, असे दोघं मोडलो.

ठशांच्या बाबतीत भेंडीचा हात कुणी धरू शकत नाही. आडवी चिरली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. फक्त धुऊन, पुसून कोरडी करून घ्यावी, नाहीतर तारा सुटतात आणि फुलाला मिश्या येतात. ढोबळी मिरचीचा ठसा ऐसपैस, कारल्याला झालर, कांद्यात वर्तुळात वर्तुळं. बटाट्याचं स्वतःचं काही म्हणणं नसतं. कोराल ते तो छापतो. रंगाला बिटाचा रस, पालकाचा रस आणि हळद. रस कागदावर पळतो म्हणून त्यात थोडी कॉर्नफ्लॉवरची खळ.

"खायच्या वस्तू अशा फासायच्या?" हिनं पहिला आक्षेप नोंदवला. मग तडजोड झाली: कोवळी भेंडी कढईत, जून भेंडी कलेला. कोवळी दाबली की चेपते, तेव्हा कलेचंही काही बिघडलं नाही.

नात मात्र मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांनी भेंडी धरून उभी. "आबा, चिकट आहे. वाइप द्या." जन्मल्यापासून जिचे हात आम्ही सगळे मिळून पुसत आलो, तिला आता बरबटण्याचा आनंद घे म्हणून सांगायचं! शेवटी एक नमुना दाखवावा म्हणून मी एक फूल उठवलं. "वाकडं झालं," म्हणून हिनं दुसरं उठवलं. त्यानंतर कागदाच्या चारही बाजूंना महिरप झाली, आणि नातीनं पुढं केलेला हात हिनं "थांब गं, बिघडेल" म्हणून अलगद बाजूला सारला.

ही संवेदनांची कला परदेशातून आली, असं कुणी ऐकवलं तर त्याला खुशाल बोर्डीला पाठवावं. तिथं 1945 साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग बिया, शिंपले, पानं, माती, जे परिसरात मिळेल ते मुलांपुढं मांडलं. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या मुलखातल्या वारली बायका तर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं लग्नघराच्या भिंती कधीपासून रंगवत होत्या. त्यांच्याकडं फोटो कुणी मागत नव्हतं.

आमच्याकडं मात्र फोटो हवा होता आणि नात रुसली होती. तेव्हा मी हुकमी पान काढलं. हळदीच्या पाण्यानं रंगवून वाळवलेला एक कागद तिच्यापुढं ठेवला आणि वाटीत खायचा सोडा कालवला. तिनं नाइलाजानं बोट बुडवून एक रेघ ओढली. पिवळ्या कागदावर रेघ लालभडक! लिंबू पिळलं तर परत पिवळी. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं आणि आम्लात पुन्हा पिवळं, हे मी सांगायला घेतलं, पण ऐकतंय कोण? "त्यात काय एवढं," ही म्हणाली, "हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा." तोवर नातीचे दोन्ही हात मनगटापर्यंत वाटीत होते. वाइपची आठवण कुणालाच राहिली नाही.

शाळेतून महिरपीला स्टार मिळाला. लाल हातांचा फोटो मात्र सुनेनं पाठवलाच नाही. बाई विचारतील, काही लागलं का म्हणून.

रात्री पानात भेंडी होती. नातीनं त्यातला एक काप उचलला, आमटीत बुडवला आणि नव्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर दाबला. सून वाइप शोधेपर्यंत आणखी चार फुलं उमलली होती. मग नातीनं आपलं काम शांतपणे निरखलं, आणि हात पुढं केला.

"आजी, सोडा दे."