गाडी घ्यायची म्हणता?

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात 'गाडी' म्हणजे मोटारसायकल. चार चाके असली की ती फोरव्हीलर, आणि ट्रॅक्टर तो ट्रॅक्टर. त्यामुळे एखादे पोरगे स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिता पिता 'गाडी घ्यावी म्हणतो' असे बोलले, की बाकावरची सगळी मंडळी सावरून बसतात. गाडी एकाची असली तरी तिची निवड गावाची असते. नवशिक्याने हे आधीच मान्य करावे, म्हणजे पुढचा मनस्ताप टळतो. या व्यवहारात त्याचे फक्त हप्ते असतात, मत बाकीच्यांचे.

मते अशी येतात. वडील विचारतात, "केवढ्याला?" मामा विचारतो, "ॲव्हरेज किती देती?" दोस्त पिकअप विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता तोंडानेच आवाज काढून दाखवतो. आजी विचारते, "मला बसता येईन का रे तिच्यावर?" मिस्त्री काहीच विचारत नाही. तो हात पुसत एवढेच म्हणतो, "जिचं सामान जिंतुरात भेटतं ती घ्या." यातला आजीचा प्रश्न आणि मिस्त्रीचे वाक्य वहीत लिहून घ्यावे. बाकीच्यांना चहा पाजावा.

आता वजन. कुणी बोलत नसले तरी सगळ्यात महत्त्वाची बाब हीच. शोरूममधला माणूस सीसी सांगेल, रंग सांगेल, मोबाइल चार्जिंगची सोय सांगेल; वजन सांगणार नाही. तुम्ही विचारा. हिरोची स्प्लेंडर साधारण 112 किलो भरते. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन आणि वर बारा किलो. बुलेट 350 जवळपास दोन क्विंटलांची. मोंढ्यावरचा हमालसुद्धा दोन क्विंटल एका खेपेत उचलत नाही, आणि आपण तर बारावीची परीक्षा देऊन नुकतेच मोकळे झालेलो. तेव्हा नियम सरळ आहे: जी आडवी पडल्यावर एकट्याने उभी करता येते तीच पहिली गाडी.

हे मी अनुभवावरून सांगतो. शिकाऊ असताना एका मित्राची भारी गाडी मागून घेतली होती. बाजाराचा दिवस. समोर शेळी आली म्हणून थांबलो आणि डावा पाय टेकवला, तर खाली जमीन नाही, नाली. गाडी अजिबात घाई न करता, सावकाश, मला विचारल्यासारखी कलत गेली. वेगात पडणाऱ्याकडे लोक धावतात. जागेवर पडणाऱ्याकडे नुसते बघतात. शेवटी चौघांनी मिळून गाडी उभी केली, चौघांनी चार सल्ले दिले आणि शेळीने तेवढ्यात माझ्या पिशवीतली मेथी संपवली. त्या दिवसापासून कुणीही गाडी दाखवली की मी आधी वर बसून दोन्ही टाचा टेकतात का ते बघतो. स्प्लेंडरच्या सीटची उंची 785 मिलिमीटर आहे. आपल्याकडच्या मध्यम बांध्याला ती पुरते. ज्यांच्या फक्त चवड्याची बोटे टेकतात त्यांनी ती गाडी दोस्ताला घेऊ द्यावी आणि मागे बसावे.

युरोपात पहिल्या गाडीसाठी कायदा आहे. तिथल्या अठराच्या आतल्या नवशिक्याला पहिल्या परवान्यावर 125 सीसी आणि 11 किलोवॉटच्या वरची गाडी मिळत नाही. मोठी हवी तर पुढची परीक्षा. आपल्याकडे अठरा वर्षे पुरी झाली की कायद्याने सीसीला मर्यादा नाही. मर्यादा घालायला बाप आहे, आणि सोयाबीनचा भाव आहे. एवढ्या दोघांच्या बळावर चारठाण्याने युरोपचा नियम कुणी न सांगता पाळला. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर, आणि तेव्हापासून निम्मा तालुका शंभर सीसीवरच शिकला.

सोळाव्या वर्षी परवाना हवा असणाऱ्यांनाही कायद्याने एक फट ठेवली आहे: 50 सीसीच्या आतली, बिनगिअरची गाडी. नगरच्या किनेटिकची लूना 1972 साली आली ती याच मापाची. आता कायदा आहे, फट आहे, पण शोरूममध्ये त्या मापाची पेट्रोलची गाडी नाही. म्हणून सोळा वर्षांची पोरे बापाचीच गाडी काढतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. बापाशी वैर असेल तर हा मार्ग सोयीचा आहे.

अठरा झालेल्यांनी लर्निंग काढावे. ते सहा महिने चालते आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. या मुदतीत मागे बसवायचे तर परवाना असलेला शिकवणाराच, दुसरा कुणी नाही. आपल्याकडे शिकवणारा बसतो, आणि शिकवणाऱ्याला शिकवणारा त्याच्या मागे. परभणीच्या आरटीओत आठ काढून दाखवावा लागतो, पाय न टेकवता. आठाचा सराव गावातल्या गोकुळेश्वराच्या बारवेजवळ करू नये. कोरीव दगडांची ती बारव कित्येक शतके तिथेच आहे, ती बाजूला होणार नाही.

काळ्या मातीचा विचार शोरूममध्ये कुणी करत नाही, कारण शोरूममध्ये फरशी असते. शेतरस्त्याला पहिला पाऊस झाला की ही माती चाकाला अशी धरते की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट जात नाही. चाक फिरायचे थांबते, इंजिन ओरडते आणि माणूस बाभळीची काडी शोधतो. म्हणून पुढच्या मडगार्डखाली हात घालून बघावा. चार बोटे सहज गेली पाहिजेत. जिथे दोनच जातात ती गाडी पुण्याला छान दिसते. अठरा इंची अरुंद चाक चिखलातून निघते. रुंद टायर रुबाबदार असतो आणि दुपटीने चिखल घरी आणतो.

नवी की जुनी? 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा नवीचा मोह रास्त आहे. पण शिकताना गाडी पडणारच. पहिला ओरखडा नव्या टाकीवर पडला की घरात तीन दिवस सुतक असते. जुन्या टाकीवर तो शोधावा लागतो. जुनी घेताना 'सिंगल हँड आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नये, आरसी बुकावर ठेवावा. गाडी थंड असतानाच किक मारून बघावी. 'आत्ताच फिरवून आणली' असे म्हणणाऱ्याने ती तासभर तापवत ठेवलेली असते. पैसे देण्याआधी टीटीच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, कागदांवर सह्या घ्याव्यात. पैसे दिल्यावर सही करणारा माणूस मुंबईला कामाला गेलेला असतो.

घरी आणल्यावर गाडी पूजेला लागते, आणि पूजा झाली की तिचे एकेक अंग काढायला सुरुवात होते. आधी आरसे, कारण त्यात मागचे दिसते. मग सायलेन्सर बदलायचा, कारण त्यातून आवाज येत नाही. मग साडीगार्ड, कारण त्याने गाडी म्हातारी दिसते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर इथे द्यायचे असते. मागचे चाक निम्मे झाकणारे ते जाळे मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 मध्ये आहे. पदर चाकात जाऊ नये म्हणून दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी सुचले. काढू नये. हेल्मेट आयएसआयचे घ्यावे आणि डोक्यात घालावे. कोपराला अडकवलेले हेल्मेट फक्त कोपर वाचवते, आणि तेही एकच.

तर निकाल असा: जुनी, शंभर सीसीची, साडीगार्ड आणि दोन्ही आरसे शाबूत असलेली, एकट्याने उचलता येणारी. अशी एक माझ्या दारात लिंबाखाली उभी असते. सहा जण विचारून गेले. ती द्यायची नाही.