बारा-तेराचा पाना

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातल्या पोरांना सुरक्षिततेचे धडे शाळेत गिरवावे लागत नाहीत. बिबट्या ते फुकट शिकवतो. अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं जायचं नाही, हातात बॅटरी आणि काठी ठेवायची, वाकून बसायचं नाही, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची, हे पाचवीतलं पोरही झोपेत सांगेल. हेच पोर आठवीत जाऊन शाळेच्या वर्कशॉपमध्ये शिरलं, की गळ्यात लोंबता ताईत, मनगटावर पाच रंगांचे गंडे आणि पायात अंगठ्याची स्लीपर अशा थाटात ड्रिल मशीनवर ओणवं होतं. बिबट्या बिचारा बराचसा दिवस उसात झोपून काढतो. मशीन नेमकं शाळेच्या वेळेत जागं असतं.

भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य घालवून मी गावी परतलो. "तुम्ही कंपनीतले, तुम्हाला सगळं माहीत," एवढ्या पात्रतेवर वर्कशॉपची खोली माझ्या ताब्यात आली. ताब्यात म्हणजे किल्ली हातात आली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोषण आहाराची रिकामी पोती, मोडके बाक, निवडणुकीचे पुठ्ठे आणि स्नेहसंमेलनातलं सोनेरी कागदाचं सिंहासन. या सगळ्याच्या मागे कुठंतरी व्हाइस आणि ड्रिल मशीन असल्याची वदंता होती.

कंपनीनं आमच्याकडून जपानी फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या पाच पायऱ्यांचं शास्त्र, घोकून घेतलं होतं. पहिला एस म्हणजे सेइरी: नको ते बाहेर काढा. मी मोठ्या उत्साहानं एक तीन पायांचं स्टूल व्हरांड्यात आणून ठेवलं. शाळेचे क्लार्क भाऊसाहेब ऑफिसातून धावतच आले. "अहो, डेडस्टॉकला आहे ते!" निर्लेखन होऊन रजिस्टरातून नाव कमी झाल्याशिवाय त्या स्टुलाला मरण नव्हतं, आणि निर्लेखनाला समिती, ठराव, मंजुरी असा प्रवास होता. हे शास्त्र काढणाऱ्या जपान्याला आमचं डेडस्टॉक रजिस्टर दाखवलं असतं, तर पहिला एस त्यानं स्वतःहून मागे घेतला असता. सिंहासनाला मात्र मीच हात लावला नाही. शिवनेरीच्या मुलखात राहायचं आहे.

शेवटी स्टूल व्हरांड्यातच 'तात्पुरतं' राहिलं आणि मी दुसऱ्या एसकडे वळलो.

त्याआधी विजेचं पाहिलं. वायरमन म्हणाला, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरावं लागेल. मीठ पोषण आहाराच्या कोठीतून घ्यावं, अशी सूचना लगेच पुढे आली. ती मी हाणून पाडली. खरी भीती वेगळीच होती. आमच्याकडे लाइट गेली की पोरं "ओऽऽ" करून मैदानात पळतात आणि मशीनचं बटण चालूच राहतं. लाइट परत आली की मशीन आपोआप फिरू लागतं. त्यात चकची किल्ली चकमध्येच विसरली असेल, तर ती सुटून कुणाच्या कपाळाकडे जाईल याचा नेम नाही. म्हणून भिंतीवर पहिला नियम लिहिला: लाइट गेली की पहिला हात बटणाला, मग "ओऽऽ".

एका दानशूर गृहस्थांनी मुलांच्या सुरक्षेसाठी हातमोजे दिले, फोटोसकट. फिरत्या ड्रिलवर मोजा घालायचा नसतो. तो पात्यात अडकला की हात आत खेचला जातो. मोकळ्या ओढणीचं आणि सुट्या वेणीचंही तेच. पण हे दानशूरांना सांगणार कोण? मोजे मी पत्रा उचलायला ठेवले. ड्रिलवर डोळ्यांना चष्मा, केस बांधलेले, पायात बूट आणि गंडे-दोरे बाहेरच्या खुंटीवर. गंड्यांवरून दोन आज्या भांडायला आल्या. मी म्हटलं, आजी, गंडा पोराला राखतो हे खरं, पण मशीनला ते माहीत नाही.

दुसरा एस, सेइतोन: प्रत्येक वस्तूला जागा. भिंतीवर प्लायवूडची फळी ठोकली, हूक लावले आणि दहावीतल्या एका मुलीनं प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढली. कानस, पटाशी, रंधा, करवत, पाने. तास संपला की आठवीची मॉनिटर वहीतून हत्यारांची हजेरी घेते.

"कानस मोठी?"

"हजर!"

"करवत?"

"हजर!"

"बारा-तेराचा पाना?"

शांतता.

"सर, बारा-तेरा पुन्हा गैरहजर. पालकांना बोलवा."

पालकच तर घेऊन गेलेले असतात! पोरं हत्यार जागच्या जागी ठेवतात, याला मी साक्षीदार आहे. पळवतात ती मोठी माणसं. "सर, जरा पाना द्या की, लगेच आणून देतो." हातोडी तसबिरी ठोकायला ऑफिसात गेली. मोजायची टेप दोन भावांच्या बांधावर गेली. ती परत येण्याआधी प्रकरणच मोजणी कार्यालयात गेलं. बारा-तेरा कुणाच्या तरी मोटारीसोबत विहिरीवर आहे म्हणतात. इथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरची कुजबुज टिपतात, आणि आम्हाला गावातला पाना सापडत नाही.

तोडगा शेजारच्या शिरूर तालुक्यातून आला. तिथं पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हातानं काम करत शिकायचं, आणि तेही गावाला खरोखर लागणारं काम, ही त्यांची रीत. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती अशी कामं करत तिथली मुलं शिकली. पुढे हाच अभ्यासक्रम आयबीटी या नावानं महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत आठवी ते दहावीला गेला. मी त्यातलं एकच सूत्र उचललं आणि दारावर पाटी लावली: 'हत्यार मिळणार नाही. काम करून मिळेल. दर आत विचारा.'

गावाला धक्का बसला. शाळा पैसे घेते म्हणजे काय! पण पहिला शेतकरी आला तो टोमॅटोचे क्रेट वाहायची हातगाडी घेऊन. चाकाचा दांडा निसटला होता. चार पोरांनी आधी तो मोजला, मग दोन मुलींमध्ये भोक कुठं पाडायचं यावरून रीतसर वाद झाला, मग सेंटर पंच मारून भोक पाडलं, बोल्ट बसवला आणि पावती फाडली. गाडी नारायणगावच्या बाजाराला गेली. ही जमा नेमकी कोणत्या रजिस्टरला घ्यायची, हा भाऊसाहेबांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

वर्कशॉप आता रोज उघडं असतं. व्हरांड्यातलं स्टूल समितीची वाट पाहतंय. आणि बारा-तेराचा पाना ज्या कुणाकडे असेल, त्यांनी शाळेच्या वेळेत यावं, फळीवर त्याची आकृती दिसेल तिथं तो अडकवावा आणि निघून जावं. नाव विचारणार नाही. येताना तेवढा पुसून आणा, म्हणजे तिसरा एसही होऊन जाईल.