आडसाली गायक आणि त्यांचा उतारा

दूरचित्रवाणीवरचा गायक हे हंगामी पीक आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यात ज्याला ऊस कळतो, त्याला हे पीक निराळे समजावून सांगावे लागत नाही. लागण वाहिनी करते, पाणी प्रेक्षक पाजतात आणि तोडणीनंतर गाळपाला उशीर झाला की उतारा घसरतो.

लागणीची पद्धत मूळ अमेरिकेतली. १९६५ साली तिथे ‘चार वेडसर पोरे पाहिजेत’ अशा आशयाची जाहिरात देऊन ‘द मंकीज’ हा बँड भरती करण्यात आला आणि १९६६च्या सप्टेंबरात एनबीसीवर त्याची मालिका सुरू झाली. पहिल्या दोन तबकड्यांवर वाद्ये बहुतांशी दुसऱ्यांनीच वाजवली होती. बँडमध्ये असूनही आम्हाला वाजवू द्या, यासाठी या चौघांना भांडावे लागले. पुढच्या पिढीने हा हट्ट धरला नाही. १९९९मध्ये न्यूझीलंडच्या ‘पॉपस्टार्स’ने भरतीचाच कार्यक्रम केला. २००२मध्ये चॅनेल व्हीने तोच साचा भारतात आणून पाच मुलींचा ‘विवा’ घडवला. पुढच्या खेपेस ‘आस्मा’ आला. दोन्ही गट यथावकाश पांगले.

त्यानंतर निवडीचा अधिकार प्रेक्षकांना मिळाला, अर्थात सशुल्क. पाठवायचा एसएमएस नेहमीच्या दराने जात नसे. लोकशाहीत मतदाराकडूनच पैसे घेण्याची ही कल्पना राजकीय पक्षांना सुचली नव्हती. मार्च २००५मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ ठरला. त्याच वर्षी ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम बाजारात आला. गाळपात दिरंगाई झाली नाही.

मराठीतला सर्वांत भरघोस हंगाम २००८-०९चा. झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये पल्लवी जोशी निवेदनाला आणि अवधूत गुप्ते, वैशाली सामंत परीक्षणाला होते. गुण आकड्यांत नव्हे, सुरांत मिळत. ‘नि’ मिळाला की घरोघरी हळहळ आणि ‘वरचा सा’ मिळाला की पोराच्या दहावीच्या निकालासारखे पेढे. फेब्रुवारी २००९मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. पण अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत यांना महाराष्ट्राने हरू दिले नाही. पाचही जण ‘पंचरत्न’ झाले. एक गाव, एक लेकरू अशी ही वाटणी होती आणि वाहिनीच्या गणिताला ती सोयीची होती. २०२१मध्ये हीच पाच मुले त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसली. याला शेतीत खोडवा म्हणतात. लागणीचा खर्च वाचतो. मुग्धा आणि प्रथमेश डिसेंबर २०२३मध्ये बोहल्यावर चढले, तेव्हा ती बातमी लोकांनी घरच्या कार्याची पत्रिका वाचावी तशी वाचली. ही मुले खरोखर गात होती, हे या संदर्भात अपवाद म्हणून नोंदवणे आवश्यक आहे.

गायन ही अट गळण्याचा मान बारामती तालुक्याकडे जातो. मोढव्याचा सूरज चव्हाण टिकटॉकवर प्रसिद्ध झाला. २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तरी ‘गुलीगत’ आणि ‘झापुक झुपूक’ हे त्याचे शब्द टिकून राहिले. २०२४मध्ये कलर्स मराठीच्या ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वात तो शिरला. त्या वर्षी बारामतीकरांनी तीन मतदाने पाहिली. मे महिन्यात लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय, नोव्हेंबरात विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या आणि मध्ये ६ ऑक्टोबरला बिग बॉसची अंतिम फेरी. तिन्हींत तालुक्याचे घर एकसंध राहिले ते फक्त बिग बॉसच्या घरासाठी. सूरज जिंकला आणि १४ लाख ६० हजार रुपयांचा धनी झाला. उपविजेता होता अभिजीत सावंत, तोच पहिला इंडियन आयडॉल. सुरात गाण्याबद्दल देशाने ज्याला निवडले होते, त्याला एकोणीस वर्षांनी दोन नादशब्दांनी मागे टाकले. यात सूरजचा दोष नाही. गरिबीतून आलेल्या, आईबापांविना वाढलेल्या पोराने आपण गायक असल्याचा दावा कधी केला नव्हता आणि एवढा प्रामाणिकपणा मंकीजच्या निर्मात्यांनाही जमला नव्हता.

मत प्रेमाला पडले होते. मोळी मात्र गाण्याची बांधली गेली. वाहिनीच्या कार्यक्रमांची धुरा तेव्हा दिग्दर्शक केदार शिंदे यांच्याकडे होती. सूरजला नायक करून चित्रपट काढण्याची घोषणा त्यांनीच केली. म्हणजे शेत, टोळी आणि कारखाना एकाच मालकीचे झाले. ‘झापुक झुपूक’ २५ एप्रिल २०२५ रोजी त्याच नावाच्या गाण्यासह प्रदर्शित झाला. सहा महिन्यांचा अवधी म्हणजे ऊस बांधावर बराच वाळला होता. मत घरबसल्या मोबाइलवर देता येत होते. तिकिटाला थिएटरपर्यंत जावे लागले आणि पैसे मोजावे लागले. मतदार तेवढ्या संख्येने आले नाहीत.