स्वतंत्र प्रवासी

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एक ह्युएन त्संग राहतात. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता मेंटेनन्सच्या पावतीपुरतं उरलंय. वॉचमनसुद्धा त्यांना त्संगकाकाच म्हणतो. काका 2019 साली चीनला जाऊन आले. नुसते नव्हे, 'स्वतंत्र' जाऊन आले. हा शब्द ते अशा आवाजात उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बेचाळीस साली हेही भूमिगत होते.

स्वतंत्र प्रवासी ही एक वेगळीच जमात आहे. या जमातीतला माणूस बँकेतून निवृत्त झालेला असतो, गुडघे अजून शाबूत असतात आणि ग्रुप टूरचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठी येते. एका रंगाच्या टोप्या घालून झेंड्यामागून चालणारी आणि बीजिंगमध्ये पोहे मागणारी माणसं त्याच्या लेखी प्रवासी नव्हेतच. ते पार्सल.

काकू बरोबर होत्या. पण काकांच्या कथनात त्या कुठेच नसतात; फोटोंत मात्र बॅगांपाशी दिसतात. व्हिसाचा अर्ज त्यांनी भरला, हॉटेलांची बुकिंगं त्यांनी छापून घेतली, पाचव्या मजल्यावरच्या बेनकडून थेपले त्यांनी करवून घेतले. चीनमध्ये गुगलचा नकाशा चालत नाही, हे विमानात बसण्याआधी त्यांनाच ठाऊक होतं. काकांनी स्वातंत्र्याची बाजू सांभाळली.

काका सगळं जग पश्चिम रेल्वेत मोजतात. "शियानची तटबंदी जवळजवळ 14 किलोमीटर. भाईंदरहून चालायला लागा, मालाड येईल. आणि वर भिंतीवर भाड्याने सायकल मिळते, मिळते का तुमच्या मालाडला?" 1974 साली तिथल्या शेतकऱ्यांना विहीर खणताना मातीचं सैन्य सापडलं, हे कळल्यापासून तर सोसायटीच्या बोअरवेलचं काम सुरू झालं तेव्हा काका कंत्राटदाराला सारखे "हळू, हळू" म्हणत उभे होते. खारं पाणी लागलं.

पण त्यांचं मन जडलं ते शियानच्या त्या मोठ्या पॅगोडावर. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी 652 साली तो बांधला. हा भिक्षू सम्राटाची परवानगी न घेता निघाला, पुलकेशीच्या काळातला महाराष्ट्र पाहून गेला आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन घरी परतला. "ना व्हिसा, ना टूर, ना इन्शुरन्स!" म्हणताना काका काकूंकडे एक तिरपा कटाक्ष टाकतात, इन्शुरन्स त्यांनी काढला होता. ह्युएन त्संगने मराठी माणसाबद्दल लिहून ठेवलंय, की तो उपकार विसरत नाही आणि अपमान केल्यास सूड घेतल्याशिवाय राहत नाही. पार्किंगचा विषय निघाला की वार्षिक सभेत काका सातव्या शतकातला हा पुरावा सादर करतात. सचिव तो इतिवृत्तात घेत नाहीत.

ल्हासाला मात्र पंचाईत झाली. परदेशी माणसाला तिबेट स्वायत्त प्रदेशात एकट्याने भटकता येत नाही. एजन्सीमार्फत आखलेली सहल, परमिट आणि गाईड, तिन्ही लागतात. म्हणजे काका चक्क टूरने गेले! "गाईड नव्हता हो तो. स्थानिक स्नेही." हे स्नेही रोज सकाळी हॉटेलवर यायचे, पोताला राजवाडा दाखवायचे, जिने चढताना "हळू चला" म्हणायचे आणि संध्याकाळी माणसं मोजून परत आणून सोडायचे. झेंडा नव्हता, यावर काकांचा फार भर असतो. छत्री होती, असं काकू म्हणतात.

शीनिंगहून ल्हासाला ते रेल्वेने गेले. 1956 किलोमीटर. 2006 साली सुरू झालेली ही गाडी तांगुला खिंडीत 5072 मीटर उंचीवर चढते. तिथे नाकाला लावायला ऑक्सिजनची नळी मिळते. काकांनी ती परत केली. "गर्दीच्या वेळी विरार गाडीतून भाईंदरला उतरणाऱ्या माणसाला ऑक्सिजन?" डब्याच्या हवेतच जादा ऑक्सिजन सोडलेला असतो, हे काकूंनी आधी वाचलं होतं. त्या गप्प बसल्या. संसार असाच चालतो.

जोखांग मंदिराभोवती बारखोरची वाट आहे. सगळे भाविक तिथे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने प्रदक्षिणा घालतात. काका तत्त्व म्हणून उलटे निघाले. एका तिबेटी आजींनी त्यांचं कोपर धरलं, त्यांना गर्रकन फिरवलं आणि काही न बोलता रांगेला लावलं. एवढी शिस्त त्यांना आयुष्यात कोणी लावली नव्हती, काकूंनीही नाही.

खरे स्वतंत्र काका दिसले ते गान्सू प्रांतातल्या शियाहेला. तिथला लाब्रांग मठ 1709 सालचा. वस्ती तिबेटी, पण परमिटची गरज नाही. मठाभोवती प्रार्थनाचक्रांच्या रांगाच रांगा. काकांनी एकेक चक्र हाताने फिरवत सगळी फेरी पुरी केली. या जागेबद्दल बोलताना ते मालाड काढत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. मला तरी त्यांच्या सगळ्या प्रवासवर्णनातला तेवढाच भाग विश्वासार्ह वाटतो.

2020 साली बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. ती बातमी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "यंदा पिंगयाव. स्वतंत्र." तुम्हालाही जायचं असेल तर नवघर रोडला जरूर या. काका दोन तास बोलतील, ते ऐका. चहा घ्या. कागदपत्रांचं मात्र काकूंना विचारा.